लाटांच्या अंदाजातील ‘ऊर्जा’ हा आकडा नेमका कसा वाचावा?

शिंपला (प्रश्न)

नमस्कार. गेल्या हिवाळ्यापासून मी उत्तर गोव्यातील किनाऱ्यांवर सर्फिंग शिकत आहे. राहते पुण्यात, त्यामुळे सुट्टी टाकून निघण्यापूर्वी लाटांचे अंदाज पाहावेच लागतात. लाटेची उंची, पीरियड म्हणजे एका शीर्षामागून दुसरे शीर्ष येईपर्यंतचा काळ, दिशा आणि वारा हे रकाने मला आता बऱ्यापैकी वाचता येतात. ‘ऊर्जा’ या रकान्यापाशी मात्र मी दरवेळी अडते.

मे महिन्यातील एकाच आठवड्याचे उदाहरण देते. मंगळवारच्या अंदाजात उंची १.८ मीटर आणि पीरियड ७ सेकंद होता. शनिवारच्या अंदाजात उंची १.२ मीटर आणि पीरियड १५ सेकंद. एका संकेतस्थळावर मंगळवारची ऊर्जा सुमारे १५५ किलोज्यूल आणि शनिवारची सुमारे ३२० किलोज्यूल दाखवली होती, म्हणजे बुटक्या लाटांना उंच लाटांच्या दुप्पट ऊर्जा. दुसऱ्या संकेतस्थळावर हा आकडा ‘दर मीटरला किलोवॅट’ या एककात असतो आणि तिथे दोन्ही दिवसांसाठी तो जवळजवळ सारखाच, ११ च्या आसपास होता. पदवीच्या भौतिकशास्त्रात लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते असे शिकल्याचे आठवते; त्या हिशेबाने मंगळवारची ऊर्जा शनिवारच्या सव्वादोन पट असायला हवी.

प्रत्यक्षात मंगळवारी समुद्र खवळलेला दिसत होता, तरीही आमच्या प्रशिक्षकांनी आम्हा नवशिक्यांना फेसाळ पाण्यात उतरू दिले. शनिवारी मधूनमधून समुद्र अगदी सपाट वाटत असताना त्यांनी आम्हाला वाळूवरच बसवून ठेवले. या तीन हिशेबांपैकी कोणता खरा मानावा, आणि पाण्यात उतरायचे की नाही हे ठरवताना या आकड्याला किती महत्त्व द्यावे, हे कोणी समजावून सांगेल का? गणिताची मला भीती नाही.

जलतरंग

आपण दिलेले तिन्ही हिशेब बरोबर आहेत. ते तीन वेगवेगळ्या राशी मोजतात, आणि अंदाज देणारी संकेतस्थळे त्या सर्वांना सरसकट ‘ऊर्जा’ म्हणतात, हा खरा घोळ आहे. आपणच दिलेले आकडे घेऊन पाहू.

पहिली राशी म्हणजे समुद्राच्या एका चौरस मीटर पृष्ठभागामागे असलेली ऊर्जा. पाण्याची घनता, गुरुत्वत्वरण आणि उंचीचा वर्ग यांच्या गुणाकाराला १६ ने भागले की ती मिळते. समुद्राच्या पाण्याची घनता घनमीटरला १,०२५ किलोग्रॅम धरली, तर मंगळवारी दर चौरस मीटरला सुमारे २,०३५ ज्यूल आणि शनिवारी सुमारे ९०५ ज्यूल येतात. हाच आपला सव्वादोन पटीचा हिशेब. यात पीरियड कुठेच येत नाही, कारण समुद्राचा एका क्षणीचा तुकडा कापून पाहिला तर त्यातील लाटा किती वेळाने येतात याला काही अर्थ उरत नाही.

दुसरी राशी म्हणजे ऊर्जेचा प्रवाह, अर्थात लाटेच्या शीर्षाच्या दर मीटर लांबीमागे दर सेकंदाला किती ऊर्जा पुढे सरकते. त्यासाठी पहिल्या राशीला लाटांच्या समूहाच्या वेगाने गुणावे लागते. खोल पाण्यात समूह एकेकट्या शीर्षाच्या निम्म्याच वेगाने चालतो. समूहाच्या मागच्या टोकाला नवे शीर्ष उगवते, समूहातून पुढे सरकते आणि पुढच्या टोकाला विरून जाते, आणि ऊर्जा मात्र समूहाबरोबर राहते. हा वेग मीटर प्रति सेकंदात काढायचा तर पीरियडला ०.७८ ने गुणावे. सात सेकंदांच्या लाटांसाठी तो ५.५ आणि पंधरा सेकंदांच्या लाटांसाठी ११.७ मीटर प्रति सेकंद येतो. गुणाकार केल्यावर मंगळवारी दर मीटरला ११.१ किलोवॅट आणि शनिवारी १०.६ किलोवॅट मिळतात. आपल्या दुसऱ्या संकेतस्थळाचा आकडा तो हाच.

तिसरी राशी म्हणजे एका संपूर्ण लाटेत, एका शीर्षापासून पुढच्या शीर्षापर्यंत, दर मीटर रुंदीमागे साठलेली ऊर्जा. तिच्यासाठी पहिल्या राशीला तरंगलांबीने गुणावे लागते, आणि खोल पाण्यातील तरंगलांबी पीरियडच्या वर्गाच्या १.५६ पट असते. सात सेकंदांची लाट ७६ मीटर लांब, तर पंधरा सेकंदांची ३५१ मीटर. म्हणून मंगळवारच्या लाटेत १५५ किलोज्यूल आणि शनिवारच्या लाटेत ३१८ किलोज्यूल. बुटकी लाट दुप्पट ऊर्जा बाळगते ती तिच्या लांबीमुळे.

इथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. अंदाजात दिलेली उंची ही कोणा एका लाटेची नसते. सर्वांत उंच अशा एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांचे अंदाज बांधताना हाराल्ड स्वेर्ड्रुप आणि वॉल्टर मुंक या समुद्रशास्त्रज्ञांनी हे माप रूढ केले, कारण अनुभवी खलाशी नुसत्या नजरेने जी उंची सांगतो तिच्याशी ते बरेचसे जुळते. अनियमित समुद्रासाठी हे माप वापरताना १६ ने भागतात. पण सर्व लाटा एकसारख्या आहेत असे गृहीत धरणारे सूत्र ८ ने भागते आणि त्याचे उत्तर बरोबर दुप्पट येते. कोणते संकेतस्थळ कोणते सूत्र वापरते हे नेहमी स्पष्ट केलेले नसते. त्यामुळे एका ठिकाणच्या किलोज्यूलची दुसऱ्या ठिकाणच्या किलोज्यूलशी तुलना करू नये.

सर्फिंग करणाऱ्याला या तिन्हींपैकी तिसरी राशी सर्वांत उपयोगी आहे, असे माझे मत आहे.

सॅनदिएगोकर

जलतरंग यांचे विवेचन उत्तम आहे, पण त्यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. वरील सर्व गणित खोल पाण्यातले आहे, आणि सर्फिंग कोणी खोल पाण्यात करत नाही.

लाट फुटताना किती उंच होईल हे जाणून घ्यायचे असेल, तर दुसरी राशी, म्हणजे किलोवॅटमधील प्रवाह, अधिक विश्वासार्ह आहे. लाट उथळ पाण्यात शिरते तशी तिची चाल मंदावते. तळाच्या घर्षणात फारशी ऊर्जा गेली नाही असे मानले, तर दर सेकंदाला पुढे जाणारी ऊर्जा तेवढीच राहते. मग वेग घटला की उंची वाढल्यावाचून गत्यंतर नसते. हा हिशेब शेवटपर्यंत नेला, तर लाटा किनाऱ्याला समोरून भिडत असतील अशा स्थितीत आपल्या मंगळवारच्या आणि शनिवारच्या दोन्ही लाटा फुटण्याच्या वेळी साधारण २.१ मीटरपर्यंत जातात. १.८ मीटरची लाट जेमतेम पाचव्या हिश्शाने वाढते आणि १.२ मीटरची जवळपास पावणेदोन पट होते. म्हणूनच अंदाजातील उंचीवर विसंबून ‘शनिवारी लाटा लहान असतील’ असे ठरवणे धोक्याचे आहे.

मग तिसऱ्या राशीचा उपयोग काय? फुटण्याच्या उंबरठ्यावर दोन्ही लाटांची उंची सारखी असली, तरी पावणेतीन मीटर खोल पाण्यात पंधरा सेकंदांच्या दोन शीर्षांमध्ये सुमारे ७५ मीटर अंतर असते आणि सात सेकंदांच्या दोन शीर्षांमध्ये सुमारे ३५. म्हणजे शनिवारच्या प्रत्येक लाटेमागे ढकलणारे पाणी कितीतरी जास्त असते. ती बोर्डाला लांबपर्यंत नेते आणि पडलेल्या माणसाला पाण्याखाली अधिक वेळ ठेवते. दोन्ही राशी हव्यात, फक्त त्यांची कामे वेगळी आहेत.

शिवाय लांब लाटेला तळ फार लवकर जाणवतो. तरंगलांबीच्या निम्म्याइतकी खोली आली की लाट तळाच्या प्रभावाखाली येऊ लागते. सात सेकंदांच्या लाटेसाठी ही खोली ३८ मीटर आहे, तर पंधरा सेकंदांच्या लाटेसाठी १७५ मीटर. त्यामुळे लांब पीरियडच्या लाटा समुद्रतळाच्या रचनेनुसार वळतात, एका ठिकाणी एकवटतात आणि शेजारीच विरळ होतात. माझ्या घरापासून जवळ, कॅलिफोर्नियातील ला होयाच्या उत्तरेस ब्लॅक्स बीच नावाचा किनारा आहे. त्याच्यासमोर स्क्रिप्स कॅनियन ही पाण्याखालची खोल घळ किनाऱ्याच्या अगदी जवळपर्यंत येते. घळीवरच्या खोल पाण्यातून लाट वेगाने जाते आणि बाजूच्या उथळ भागात मंदावते, त्यामुळे ती वाकते आणि तिची ऊर्जा ब्लॅक्सच्या टापूत गोळा होते. तिथून काही किलोमीटर दक्षिणेला ला होया शोअर्स येथे त्याच दिवशी, त्याच स्वेलमध्ये, म्हणजे दूरच्या वाऱ्यांनी उठवलेल्या त्याच लाटांत, नवशिक्यांचे वर्ग निवांत चाललेले असतात. समुद्रात तरंगत लाटा मोजणाऱ्या दूरच्या बोयाची नोंद दोन्ही किनाऱ्यांसाठी एकच असते. अंदाजाचा ऊर्जेचा आकडाही असाच समुद्रातील एका मोठ्या चौकटीसाठी काढलेला असतो. आपण उभे असलेल्या वाळूच्या पट्ट्याची त्याला काहीच माहिती नसते.

शिंपला

दोघांचेही मनापासून आभार. तीन राशींचा उलगडा झाला, पण आता नवी शंका आली आहे. शनिवारी लाटा २.१ मीटरच्या आसपास जायला हव्या होत्या असे वरील हिशेब सांगतो. मी वाळूवर बसून पाहत होते. मोठ्यात मोठी लाटसुद्धा माणसाच्या छातीहून फार वर गेलेली दिसली नाही. बाकीची ऊर्जा कुठे गेली? आणि तसे असताना प्रशिक्षकांनी आम्हाला अडवले ते योग्यच होते का?

मांडवीकाठ

मी गोव्यातच सर्फिंग शिकवतो, म्हणून या शंकेचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

ऊर्जा मुख्यतः दिशेत गेली. मे महिन्यात पंधरा सेकंदांचा स्वेल आपल्याकडे आला, तर तो अरबी समुद्रात तयार झालेला नसतो. दक्षिण हिंदी महासागरात, चाळीस ते साठ अंश दक्षिण अक्षांशांच्या पट्ट्यात हिवाळी वादळे सतत फिरत असतात; त्यांच्या लाटा विषुववृत्त ओलांडून आपल्यापर्यंत पोहोचतात आणि साहजिकच दक्षिण-नैर्ऋत्येकडून येतात. गोव्याचा किनारा मात्र पश्चिमेकडे, किंचित नैर्ऋत्येकडे तोंड करून आहे. लाट किनाऱ्याकडे वळते हे खरे, पण या अपवर्तनात तिचे शीर्ष ताणले जाते. समोरून येणाऱ्या दिशेपासून लाट ६० अंश कललेली असेल, तर किनाऱ्याच्या दर मीटरला खोल पाण्यातील प्रवाहाच्या निम्मीच ऊर्जा मिळते. त्यातच आपला भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, रुंद आहे, आणि लांब लाटांना तळाशी घासत बराच प्रवास करावा लागतो. ही सर्व वजाबाकी केल्यावर छातीएवढी लाट उरणे अगदी अपेक्षित आहे. याच कारणाने अंदाजात ऊर्जा पाहण्याआधी मी दिशा पाहतो. होकायंत्राच्या २०० अंशांवरून, म्हणजे दक्षिण-नैर्ऋत्येकडून, येणारे ३०० किलोज्यूल आणि २५० अंशांवरून, म्हणजे जवळपास समोरून, येणारे ३०० किलोज्यूल हे माझ्या किनाऱ्यासाठी दोन वेगळे दिवस असतात.

आपला मंगळवारचा सात सेकंदांचा समुद्र स्थानिक होता. मार्च ते मे या काळात दुपारचे खारे वारे जोर धरतात आणि वायव्येकडून आखूड, गर्दीच्या लाटा उठवतात. पावसाळा जवळ आला की त्यांचा जोर आणखी वाढतो. हिवाळ्यात याच दिशेने सहा ते आठ सेकंदांचा आणखी एक स्वेल येतो, तो अरबस्तानच्या किनाऱ्यावर वाहणाऱ्या शमाल वाऱ्यांचा. उंचीच्या मानाने या लाटांत दम कमी असतो. त्या दर सात सेकंदांनी धडकतात, पण नवशिक्याला कमरेइतक्या पाण्यात उभे राहून त्यांचा फेस पेलता येतो. पहाटे मतलई वारा जमिनीकडून वाहत असतो, त्या दोन-तीन तासांत हेच पाणी पुष्कळ सुबक होते. ऊर्जेचा आकडा पहाटे आणि दुपारी एकच दिसला, तरी सर्फिंगच्या दृष्टीने त्या दोन वेळांत जमीन-अस्मानाचे अंतर असते.

आता प्रशिक्षकांविषयी. त्यांनी केले ते पूर्णपणे योग्य होते. लांब पीरियडचा स्वेल समूहाने येतो. चार-पाच मोठ्या लाटा येऊन गेल्या की बराच वेळ समुद्र शांत राहतो, आणि त्या शांततेत नवखा माणूस सहज खोल पाण्यात जातो. पुढचा समूह आला की त्याला माघारी यायला वेळ मिळत नाही. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी वाळूच्या पट्ट्यांमधील वाटेने जोरात परत फिरते, ते वेगळेच. मे २०२४ मध्ये कन्याकुमारी जिल्ह्यातील किनाऱ्यावर वैद्यकीय शिक्षण घेणारे पाच तरुण-तरुणी बुडाले, ते अशाच दूरवरून आलेल्या स्वेलच्या दिवसांत. असा समुद्र चढायला गावात वादळ असावे लागत नाही. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात आणि तिथे वारा पडलेला असतानाही समुद्र वस्तीत शिरतो. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था अशा स्वेलचे इशारे आगाऊ प्रसिद्ध करते. उंची दीड मीटरच्या आत असली, तरी पीरियड लांब असेल तर तो इशारा गांभीर्याने घ्यावा.

जाता जाता आपल्याकडच्या एका नेहमीच्या गोंधळाविषयी. दरवर्षी जूनमध्ये ‘मुंबईच्या समुद्रात साडेचार मीटरच्या लाटा उसळणार’ अशा बातम्या येतात. ते साडेचार मीटर भरतीच्या पाण्याच्या पातळीचे असतात. लाटांची उंची त्याहून निराळी आणि त्या पातळीच्या वर मोजायची असते. अंदाजाच्या तक्त्यातही भरतीचा रकाना मीटरमध्येच असतो, आणि तो लाटेची उंची समजून वाचणारे विद्यार्थी मला दर हंगामात भेटतात. भरतीचा ऊर्जेच्या आकड्याशी संबंध नसला, तरी लाट कुठे फुटेल हे तीच ठरवते. गोव्यात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील फरक साधारण दोन मीटर असतो. दोन मीटरच्या लाटेला फुटण्यासाठी अडीच मीटरच्या आसपास खोली लागते, हे लक्षात घेतले तर पाण्याची पातळी एवढी बदलल्यावर फुटण्याची जागा किती सरकेल याची कल्पना येईल. भांगाच्या दिवसांत हा फरक बराच कमी असतो आणि दिवसभर साधारण एकाच पट्ट्यावर काम करता येते, म्हणून शिकवण्यासाठी मला ते दिवस अधिक आवडतात.

पावसाळ्याविषयी वेगळे सांगायला नको. साडेतीन मीटर आणि दहा सेकंद असा जुलैचा दिवस धरला, तर प्रवाह दर मीटरला ६० किलोवॅटपर्यंत जातो, आणि तोही नैर्ऋत्य-पश्चिमेकडून, म्हणजे जवळपास समोरून.

सॅनदिएगोकर

मांडवीकाठ यांच्या दिशेविषयीच्या मुद्द्याला जोडून स्वेलच्या प्रवासाविषयी थोडे लिहितो, कारण आठवडाभराचा तक्ता वाचताना त्याचा फार उपयोग होतो.

१९६३ मध्ये वॉल्टर मुंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत प्रशांत महासागरात मापन केंद्रांची साखळी उभारली आणि दक्षिणेकडील वादळांतून निघालेल्या लाटांचा उत्तरेपर्यंत माग काढला. वादळाच्या टापूतून एकदा बाहेर पडल्यावर लांब पीरियडच्या लाटा हजारो किलोमीटरांच्या प्रवासात फारच थोडी ऊर्जा गमावतात, असे त्यातून दिसले. उंची घटते ती मुख्यत्वे ऊर्जा अधिकाधिक रुंद क्षेत्रावर पसरल्यामुळे.

या प्रवासात समुद्र लाटांना पीरियडनुसार चाळून वेगळे करतो. गोव्यापासून सुमारे ७,००० किलोमीटर दूर वादळ झाले असे समजू. १८ सेकंदांच्या लाटांचा समूह ताशी साधारण ५० किलोमीटर वेगाने निघतो आणि पावणेसहा दिवसांत पोहोचतो. १४ सेकंदांच्या समूहाचा वेग ताशी ३९ किलोमीटर असल्यामुळे त्याला जवळपास साडेसात दिवस लागतात. त्यामुळे तक्त्यात आधी पीरियड एकाएकी १८ वर उडी घेतो, उंची मात्र ०.४ मीटर अशी नगण्य असते. पुढच्या दिवस-दीड दिवसात पीरियड हळूहळू उतरतो आणि उंची चढत जाते. ०.४ मीटर आणि १८ सेकंद यांची ऊर्जा लाटेमागे ५० किलोज्यूलच भरते, म्हणून रकान्यात तो दिवस क्षुल्लक वाटतो. पण काहीतरी मोठे वाटेवर आहे, याची ती पहिली वर्दी असते. तक्त्यातील एकच चौकोन वाचण्याऐवजी सलग तीन दिवसांचा पीरियड कसा बदलतो हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

जलतरंग

सॅनदिएगोकर यांचा आक्षेप मला मान्य आहे. फुटणाऱ्या लाटेच्या उंचीसाठी प्रवाहाचा आकडाच योग्य ठरतो. मी लाटेच्या रेट्याचा विचार करत होतो.

आता एक तांत्रिक बाब राहिली आहे, आणि ऊर्जेच्या रकान्यात सर्वाधिक फसगत तिच्यामुळेच होते. समुद्रात एका वेळी एकच स्वेल क्वचित असतो. समजा, दक्षिणेकडून १.२ मीटर व १५ सेकंदांचा स्वेल आहे आणि त्याच्यावर दुपारच्या वाऱ्याने उठवलेल्या ०.९ मीटर व ५ सेकंदांच्या लाटा आहेत. एकूण उंची २.१ मीटर होत नाही. बेरीज ऊर्जांची होते, उंचींची होत नाही. म्हणून दोन्ही उंचींच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढावे लागते आणि उत्तर १.५ मीटर येते.

काही तक्ते ही १.५ मीटर एकत्रित उंची छापतात आणि तिच्या शेजारी सर्वांत प्रबळ स्वेलचा पीरियड, म्हणजे १५ सेकंद, ठेवतात. या दोन आकड्यांवरून ऊर्जा काढली तर लाटेमागे सुमारे ५०० किलोज्यूल येतात. प्रत्यक्षात स्वेलचे ३१८ आणि वाऱ्याच्या लाटांचे अवघे २० असे मिळून ३४० च्या आत बसतात. वाऱ्याच्या लाटांनी उंचीत भर घातली, आणि त्या भरीला हिशेबात १५ सेकंदांची लांबी फुकट मिळाली. समुद्र आहे त्याहून दीडपट जोरकस दिसतो, आणि वारा सुटलेल्या दुपारी, म्हणजे पाणी सर्फिंगला सर्वांत वाईट असताना, हा फुगवटा अधिक असतो.

पीरियडच्या बाबतीतही एक मेख आहे. काही ठिकाणी सर्वाधिक ऊर्जा ज्या पीरियडपाशी एकवटते तो शिखर पीरियड देतात, तर काही ठिकाणी सर्व लाटांचा ऊर्जेनुसार काढलेला सरासरी पीरियड देतात. दुसरा सहसा पहिल्याच्या ०.९ पट असतो. लाटेमागची ऊर्जा काढताना पीरियडचा वर्ग होत असल्यामुळे एवढ्याशा भेदाने आकडा सुमारे पाचव्या हिश्शाने बदलतो.

म्हणून शिंपला यांना माझी सूचना अशी की, पहिला स्वेल, दुसरा स्वेल आणि वाऱ्याच्या लाटा यांचे आकडे स्वतंत्र रकान्यांत देणारे एकच संकेतस्थळ निवडावे आणि प्रत्येकाची ऊर्जा स्वतः काढावी. किलोज्यूलसाठी उंचीचा वर्ग गुणिले पीरियडचा वर्ग याला ०.९८ ने गुणले की पुरे. किलोवॅटसाठी उंचीचा वर्ग गुणिले पीरियड याच्या निम्मे धरावे. तक्त्यात सर्व लाटा एकत्र करूनच दिल्या असतील, तर ऊर्जेचा रकाना खुशाल वगळावा आणि पीरियड, दिशा व पहाटेचा वारा यांवरून निर्णय घ्यावा.